सतरा अंकांची एक संख्या

(नभोवाणीवरील भाषण)

आज मी तुम्हांला एका संख्येची ओळख करून देणार आहे. ओळख करून द्यायची ती एखाद्या थोर पुरुषाची, ग्रंथाची, नाहीतर प्रेक्षणीय स्थळाची, असा आपला रिवाज आहे. संख्येची ओळख ती काय करून द्यायची, असे तुमच्यापैकी कित्येकांना वाटेल. परंतु गेली वीस वर्षे मी हैदराबादेत मुलांना गणित शिकवीत आले आहे, आणि माझा अनुभव असा, की संख्याही माणसांसारख्याच असतात. काही नुसत्या तोंडओळखीच्या, काही रोजच्या देण्याघेण्यातल्या. आणि क्वचित एखादी अशी भेटते, की तिच्यामुळे आपली चूक आपल्याला दिसते. मला माझी चूक दाखवून देणारी संख्या सतरा अंकांची आहे.

कागद आणि पेन्सिल जवळ असेल तर हाती घ्या. नसेल तरी बिघडत नाही, कारण ही संख्या पाठ करायला दोनाच्या पाढ्याहूनही सोपी आहे. एकापासून नऊपर्यंत एकेक पायरी चढत जा, आणि नऊपासून पुन्हा एकापर्यंत उतरा. नऊ मात्र एकदाच लिहा. झाली संख्या : १२३४५६७८९८७६५४३२१.

लिहायला सोपी असली तरी वाचायला ती तितकी सोपी नाही. एक कोटी तेवीस लक्ष पंचेचाळीस हजार सहाशे अठ्ठ्याहत्तर अब्ज, अठ्ठ्याण्णव कोटी शहात्तर लक्ष चोपन्न हजार तीनशे एकवीस, एवढे म्हणेपर्यंत दम लागतो. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्यांतल्या शेवटून दुसऱ्या स्थानाचे नाव ‘मध्य’. आपल्या संख्येचा अगदी डावीकडचा एक बरोबर या मध्य स्थानी बसतो. परार्ध गाठायला तिला एकच पायरी कमी पडते.

ती केवढी मोठी आहे याची कल्पना येण्यासाठी एक साधा हिशेब करू. सेकंदाला एक या वेगाने, न झोपता, न थांबता कोणी मोजू लागला, तर ही संख्या गाठायला त्याला सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. आमच्या हैदराबादेत गोवळकोंड्याच्या बाजूला एकावर एक रचून ठेवल्यासारखे जे ग्रॅनाइटचे खडक दिसतात, त्यांचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे आहे, असे भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. त्या खडकांना मोजता आले असते, तर त्यांनी ही संख्या आतापर्यंत सहा वेळा मोजून पुरी केली असती, आणि सातव्यांदा सुरुवातही केली असती.

या संख्येचा पहिला गुण डोळ्यांना दिसणारा आहे. ती उलटसुलट सारखीच वाचता येते. या शहरात त्याला एक वेगळीच गोडी आहे. येथे दुकानांच्या पाट्यांवर तेलुगू अक्षरे डावीकडून उजवीकडे जातात आणि त्याच पाटीवर उर्दू अक्षरे उजवीकडून डावीकडे येतात. मराठी मूल ‘एकवीस’ म्हणताना आधी एक म्हणते आणि मग वीस. तेलुगू मूल ‘इरवै ओकटि’ म्हणताना आधी वीस म्हणते आणि मग एक. असल्या शहरात, कोणत्याही बाजूने आलात तरी सारखीच भेटणारी संख्या आपलीशी वाटावी, यात नवल नाही.

आता ही संख्या माझ्यासमोर कशी आली ते सांगते.

मागच्या एका डिसेंबरातली गोष्ट. नाताळची सुट्टी लागायला दोन दिवस उरले होते, आणि माझ्या टेबलावर तपासायच्या वह्यांची चळत होती. आठवीच्या वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत एक कागद घेऊन आली. घरी मराठी, शेजारी तेलुगू आणि गल्लीत दखनी बोलणारी ही मुलगी वर्गात मात्र फारशी बोलत नसे. कागदावर तिने एक भला मोठा गुणाकार केला होता. नऊ वेळा एक लिहून झालेली संख्या, तिला पुन्हा तीच संख्या गुणलेली. नऊच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवलेली, आणि खाली उत्तर : १२३४५६७८९८७६५४३२१. “टीचर, बरोबर आहे का?” एवढेच तिने विचारले.

मी कागदाकडे नीट पाहिलेसुद्धा नाही. समोर संगणक चालू होता. त्यावरच्या आकडेमोडीच्या एका साध्या कार्यक्रमात मी दोन्ही संख्या घातल्या. उत्तर आले : १२३४५६७८९८७६५४३२०. मी लाल पेन उचलले, तिच्या उत्तरातल्या शेवटच्या अंकाभोवती गोल केला आणि म्हणाले, “शेवटचा अंक चुकला आहे.”

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “पण टीचर, एकाला एकाने गुणल्यावर शेवटी शून्य कसे येईल?”

श्रोतेहो, गणिताच्या शिक्षकाला याहून चांगला प्रश्न कोणी विचारला नसेल. आणि मी काय उत्तर दिले? मी म्हणाले, “संगणकापेक्षा तुला जास्त कळते का?” जवळ उभी असलेली मुले हसली. मुलीने कागदाची घडी घातली आणि ती निघून गेली. मी पुढची वही ओढली.

माझे माहेर वसईचे. दरवर्षी नाताळला मी मुलांना घेऊन तिकडे जाते. त्या वर्षीही आम्ही नामपल्लीहून मुंबईच्या गाडीत बसलो. दुसऱ्या दिवशी पुणे गेले, घाट गेला, कर्जत मागे पडले. कल्याण सोडल्यावर माणसांनी गच्च भरलेल्या एका स्थानकातून आमची गाडी न थांबता धडधडत गेली. फलाटावरची पाटी वाचली : डोंबिवली. आणि त्या नावासरशी मला एका शिक्षकाची आठवण झाली. त्यांच्याविषयी मी कॉलेजात असताना वाचले होते आणि पुढे नोकरीच्या धबडग्यात विसरून गेले होते.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे ते शिक्षक. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. शालेय शिक्षण ठाण्याला आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२७ साली त्यांना गणितातील स्वतंत्र कामगिरीबद्दल रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते बी. एस्सी. झाले. त्यापुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवीत होते. १९८६ मध्ये ते वारले.

त्या काळच्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेवर, मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर डेम्लो नावाचे स्थानक होते. तेच आजचे डोंबिवली. तेथे त्यांना एका विशिष्ट प्रकारच्या संख्यांचा अभ्यास करावा असे सुचले, म्हणून त्या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले. गणितातली नावे बहुधा राजांच्या, विद्वानांच्या किंवा विद्यापीठांच्या नावांवरून पडतात. रेल्वेच्या एका लहानशा स्थानकाचे नाव संख्येला देणारा हा बहुधा एकटाच गृहस्थ असावा.

डेम्लो संख्या म्हणजे काय, हे समजायला कठीण नाही. एखाद्या संख्येचे तीन भाग करायचे : डावा, मधला आणि उजवा. मधल्या भागात एकच अंक, हवा तितक्या वेळा. डावा आणि उजवा भाग यांची बेरीज केली, की तोच मधला अंक पुन्हा मिळाला पाहिजे. उदाहरणार्थ १६५. डावीकडे १, उजवीकडे ५, बेरीज ६. आणि मध्येही ६ च बसला आहे. तसेच ४७७७३ : चार आणि तीन मिळून सात, आणि मध्ये तीन साते.

गाडी ठाण्याकडे चालली होती. मी सकाळच्या वर्तमानपत्राच्या समासात त्या मुलीची संख्या लिहिली. मधला नऊ बाजूला ठेवला. डावीकडे राहिले १२३४५६७८. उजवीकडे राहिले ८७६५४३२१. दोन्हींची बेरीज केली : ९९९९९९९९. आठ नवे, आणि मध्ये नववा नऊ. तुम्हीही करून पाहा. एकक स्थानी आठ आणि एक नऊ, दशक स्थानी सात आणि दोन नऊ, पुढे सहा आणि तीन, पाच आणि चार. कोठेही हातचा येत नाही. ज्या संख्येचा शेवटचा अंक मी लाल शाईने चुकीचा ठरवला होता, ती कापरेकरांच्या ‘अद्भुत डेम्लो’ संख्यांपैकी एक होती. १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात त्यांनी याच घराण्यावर लिहिले होते. शेवटी एकाऐवजी शून्य ठेवले, की ही सगळी रचना मोडते.

मग मी तो गुणाकारही मांडून पाहिला, आणि ही रचना कोठून येते ते समजले. अकराला अकराने गुणा : १२१. एकशे अकराला एकशे अकराने : १२३२१. चार एकांचा वर्ग १२३४३२१. का बरे? नऊ एकांना नऊ एकांनी गुणताना कागदावर नऊ ओळी पडतात. प्रत्येक ओळीत नुसते एकच असतात, आणि प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली असते. बेरीज करताना अगदी उजवीकडच्या उभ्या रांगेत एकच एक सापडतो, त्याच्या शेजारी दोन, पुढे तीन. मध्यावर नऊच्या नऊ ओळी एकमेकींखाली येतात आणि नऊ एक मिळतात. त्यापुढे ओळी एकेक करून संपत जातात, आणि रांगा पुन्हा लहान होऊ लागतात. म्हणजे आपली संख्या दुसरे काही नसून, कोणत्या रांगेत किती एक उभे आहेत याची ती नुसती मोजदाद आहे. आणि अगदी उजवीकडच्या रांगेत एकच एक आहे. तेथे शून्य येणे शक्यच नाही. मुलगी नेमके हेच मला सांगत होती.

वसईला पोहोचल्यावरही ही संख्या मला सोडीना. घरात नाताळच्या करंज्या चालू होत्या आणि मी एका कोपऱ्यात तिचे अवयव पाडीत बसले होते. नऊ एकांचे तीन-तीनचे तीन गट करा. १११, १११, १११. म्हणजे ही संख्या १११ आणि १००१००१ यांचा गुणाकार झाली. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७. येथे अवयव संपतात, कारण ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. हे हाताने पडताळायचे झाले, तर २ पासून ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. एकीनेही भाग जात नाही. तेव्हा आपल्या सतरा अंकी संख्येचे मूळ अवयव तीनच : ३ चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा. यावरून तिला निःशेष भागणाऱ्या संख्या किती, हेही सांगता येते : पाच गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे ४५. एवढ्या अवाढव्य संख्येला अवघे पंचेचाळीस विभाजक!

आणखी एक गुण सांगते. तिच्या सर्व अंकांची बेरीज करा. एकापासून आठपर्यंत ३६, उतरताना पुन्हा ३६, मधले ९, एकूण ८१. आता या ८१ नेच मूळ संख्येला भागा. निःशेष भाग जातो, आणि भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१. तो १२३४५६७९ या संख्येचा वर्ग आहे. आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनीच ‘हर्षद’ असे नाव दिले होते. हर्षद म्हणजे आनंद देणारी. देवळालीच्या त्या शिक्षकाला संख्येच्या सहवासात आनंद वाटत होता, आणि त्याने तो नावातच सांगून टाकला.

१२३४५६७९ या संख्येतही एक गंमत आहे. तिच्यात आठ नाही. तिला नऊने गुणले की नऊ एक मिळतात. त्या हरवलेल्या आठाकडे मी पुढे वळणार आहे.

कापरेकरांविषयी मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्यांच्या हयातीत आपल्याकडच्या पुष्कळ जाणत्या गणितज्ञांनी त्यांच्या कामाकडे हसण्यावारी पाहिले. ही पोरकट आकडेमोड आहे, यात खरे गणित नाही, असा सूर असे. १९४६ मध्ये त्यांना ६१७४ या संख्येचा प्रसिद्ध गुण सापडला. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करा, आणि आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा पुन्हा करीत राहा. फार तर सात वेळांत तुम्ही ६१७४ वर येऊन ठेपता. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडले. तथापि जगभर त्यांचे नाव झाले ते मार्च १९७५ मध्ये, अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले तेव्हा. कापरेकर त्या वेळी सत्तरीत होते. त्यांच्या संख्या मात्र १९३८ मध्ये जितक्या खऱ्या होत्या, तितक्याच १९७५ मध्येही होत्या. ऐकणाऱ्यांचे कान तेवढे उशिरा उघडले.

हे आठवताना मला माझेच शब्द टोचू लागले. “संगणकापेक्षा तुला जास्त कळते का?” एका शिक्षकाला मोठ्या पदव्यांचे लोक हसले, याचे मला वाईट वाटत होते, आणि मी स्वतः शिक्षक असून, हातात यंत्र आहे एवढ्या बळावर एका मुलीला हसण्यावारी नेले होते. फरक एवढाच, की कापरेकर पोक्त वयाचे होते आणि हे सारे पचवून चाळीस वर्षे काम करीत राहिले. तेरा वर्षांच्या मुलीने कागदाची घडी घातली, ती कदाचित पुन्हा उलगडलीही नसती.

मग यंत्र चुकले का? तसे म्हणता येणार नाही. संगणकाच्या पोटात संख्या शून्य आणि एक या दोनच अंकांनी लिहिलेली असते. पुष्कळशा साध्या कार्यक्रमांत एका संख्येसाठी असे ५३ अंक राखून ठेवलेले असतात. त्यामुळे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्या त्यांत नेमकी मावते. त्यापलीकडे, याच्या दुपटीपर्यंत, फक्त सम संख्यांनाच जागा मिळते. आपली संख्या या टापूत पडते आणि ती विषम आहे. तिला बसायला जागा नाही, म्हणून यंत्राने तिला शेजारच्या सम संख्येच्या घरी नेऊन बसवले. सगळे अंक जपणारे कार्यक्रमही असतात, आणि त्यांनी ३२१ हेच उत्तर दिले असते. यंत्राने त्याला नेमून दिलेल्या जागेत होते तेवढे केले. न पाहता विश्वास ठेवला तो मी.

आणि पडताळून पाहणे काही अवघड नव्हते. एककाचा अंक पाहायला क्षणभर पुरे. दुसरी कसोटी नवांची, ती तर चौथीतल्या मुलालाही जमेल. नऊ एकांची बेरीज नऊ, म्हणून त्या संख्येला नऊने भाग जातो. मग तिच्या वर्गालाही गेलाच पाहिजे. यंत्राच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज येते ८०. ऐंशीला नऊने भाग जात नाही. एकाच कागदावर दोन साक्षीदार उभे होते, आणि मी दोघांनाही बोलू दिले नाही.

जानेवारीत शाळा उघडली. पहिल्याच तासाला मी तो गुणाकार फळ्यावर मांडला, सगळ्या नऊ ओळी, आणि वर्गाला सांगितले, की या मुलीचे उत्तर बरोबर होते आणि माझे चुकले होते. आणि तिच्याशी मी ज्या तऱ्हेने बोलले ते त्याहूनही चुकीचे होते. मुलांना हे ऐकायची सवय नव्हती. वर्ग अगदी गप्प झाला. मी तिच्याकडे तो कागद मागितला. तिने तो गणिताच्या पुस्तकात ठेवला होता. मी केलेला लाल गोल खोडला, आणि खाली बरोबरची खूण करून सही केली.

तिला याहून अधिक काही हवे आहे असे दिसले नाही. तिने कागद परत घेतला आणि विचारले, “टीचर, दहा एक घेतले तर?”

मी उत्तर दिले नाही. खडू तिच्या हाती दिला.

तिने दहा ओळी मांडल्या. वर्ग मोजू लागला. उजवीकडून एक, दोन, तीन, करीत नऊपर्यंत सगळे ठीक. दहाव्या रांगेत दहा एक आले, आणि सबंध गुणाकारात पहिल्यांदाच हातचा आला. तिने शून्य लिहिले, हातचा एक. पुढच्या रांगेत नऊ एक होते, त्यांत हातचा मिळून पुन्हा दहा. पुन्हा शून्य, हातचा एक. त्यापुढच्या रांगेत आठ एक होते, हातचा मिळून नऊ झाले आणि हातच्याचा प्रवास तेथे संपला. पुढे सात, सहा, पाच, असे एकापर्यंत. फळ्यावर उत्तर उभे राहिले : १२३४५६७९००९८७६५४३२१. ना ते उलटसुलट सारखे, ना त्यात ती चढउतर. मधल्या रांगेत एकच एक जास्त झाला, आणि एवढी सुबक रचना ढासळली. आपल्या सतरा अंकी संख्येचे महत्त्व यातच आहे. या घराण्यात हातचा न घेता उभी राहणारी ती शेवटची. नऊच्या पुढे जायला दशमान पद्धतीत एका अंकाची जागा पुरत नाही.

एका मुलाने मागून विचारले, “डावीकडचा आठ कुठे गेला?” माझ्या आधी त्या मुलीनेच उत्तर दिले. ती म्हणाली, “तो हरवला नाही. त्याला हातचा मिळाला, म्हणून त्याचा नऊ झाला.”

श्रोतेहो, मी वीस वर्षे हातचा शिकवीत आले आहे. इतक्या थोड्या शब्दांत तो मला कधी सांगता आला नव्हता.

अशा संख्यांचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. बाजारहाटाला तिचा उपयोग नाही, हे मी कबूल करते. परंतु सत्य ही कोणाच्या पदवीवर, वयावर किंवा हातातल्या यंत्रावर अवलंबून नसते, हे मुलांना दाखवायला याहून चांगले साधन मला मिळालेले नाही. देवळालीच्या शाळामास्तरापुढे, विद्यापीठातल्या प्राध्यापकापुढे आणि आठवीतल्या मुलीपुढे ही संख्या सारखीच उभी राहते. जो कोणी नऊ ओळी मांडील, त्याला ती तेच उत्तर देते.

तेव्हा आज रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या मुलांना जवळ घ्या, एक मोठा कागद पसरा आणि नऊ एकांना नऊ एकांनी गुणा. आधी हाताने करा. यंत्राला विचारायचे असेल तर मागाहून विचारा. आणि मुलाचे आणि यंत्राचे उत्तर जुळले नाही, तर लाल पेन उचलण्यापूर्वी उजवीकडची शेवटची रांग एकदा डोळ्यांखालून घाला.